जहाज उडत नाही

फ्रीडरिक्सहाफेन
मंगळवार, २५ मे १९३७

प्रिय माइनराड, माझ्या खोटारड्या पोरा,

हे पत्र मी बर्लिनच्या त्या टपालपेटीच्या नंबरावर टाकत नाहीये. तुझा तो मित्र वेंडेलिन शुक्रवारी सकाळच्या गाडीने परत निघतोय, त्याच्या कोटाच्या अस्तरात मी ते स्वतःच्या हाताने शिवून देणार आहे. माझी शिवण कशी असते ते तुला ठाऊक आहे. तिच्यातून वायू बाहेर पडत नाही, तर कागद काय पडेल! त्याला म्हटलं, "अरे, पण तुझी झडती घेतली तर?" तर म्हणतो, "काकू, झडती घरी येताना घेतात. परत जाणाऱ्याला कोण विचारतंय!" वाचून झालं की जाळून टाक. आणि अस्तर उसवायला ब्लेड घे, दातांनी दोरा ओढू नकोस. तुझा पुढचा दात आधीच अर्धा आहे.

तुझं २९ एप्रिलचं पत्र मी चाळीस वेळा तरी वाचलं असेल. तसं त्यात विशेष काही नाही. नेहमीसारखं ब्राझील, नेहमीसारखं ऊन, जेवणात तेल फार, प्रवासी जहाजावरचे साहेब लोक बरे आहेत, आई तू काळजी करू नकोस. आणि मधेच ही ओळ: "सोमवारी हवा छान होती, दुपारनंतर आम्ही दोनदा उडालो." माइनराड, तू या गावात जन्मलास. चालायला शिकलास तो जहाजाच्या शेडमधल्या फरशीवर. तुझी आई वायूच्या पिशव्या करणारी आणि बाप त्या पिशव्यांची डागडुजी करणारा. सगळं जग ज्याला झेपेलिन म्हणतं त्याला आपण नुसतं जहाज म्हणतो, आणि आपलं जहाज उडत नाही. जहाज जातं. हे तुला पाच वर्षांचा असताना माहीत होतं. शाळेत मास्तरांनी फळ्यावर "जहाज उडते" असं लिहिलं तेव्हा तू उभा राहून त्यांना सुधारलंस आणि छडी खाऊन घरी आलास. तो मुलगा "उडालो" लिहितो, आणि तेही एका दुपारी दोनदा! ब्राझीलला जायला जहाजाला तीन दिवस लागतात, गाढवा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले, खरंच सांगते. म्हटलं, विमानवाल्यांच्या संगतीला लागलाय, भेटला की कान उपटते. पण मग ते पत्र घडी करून क्रूसामागे ठेवलं आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागेना. पिशव्या चिकटवायचा सरस दोनदा उतू गेला. माझ्या हाताखालच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण इतक्या वर्षांत या बाईने सरस उतू जाऊ दिलेला नाही.

या शब्दाशी माझं नातं तुझ्याहून जुनं आहे, ते तुला नीट कधी सांगितलं नाही. १९११ साली मी वीस वर्षांची होते आणि पिशव्यांच्या खात्यात मला सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हाचं काम म्हणजे गाईच्या आतड्यावरचा पापुद्रा. खाटीकखान्यांतून मिठाच्या पिंपांत भरून यायचा. धुवायचा, चरबी खरवडायची, आणि ओला असतानाच दुसऱ्या पापुद्र्यावर पसरायचा. वाळला की दोन्ही असे एकजीव होतात की जोड कुठे आहे ते सांगता येऊ नये. एका गाईमागे एकच तुकडा, दोन वीत लांब. एका जहाजाला किती गाई लागतात हे कोणी विचारलं की प्लोनी म्हणायची, "बावेरियात जेवढ्या आहेत तेवढ्या, आणि वर थोड्या उसन्या." प्लोनी म्हणजे रोमान्सहोर्नची तुझी अपोलोनिया मावशी, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर असायची. पायांत नमद्याचे जोडे, केसांत पिन नाही, बोटांत अंगठी नाही, कपड्यांना बटण नाही, सगळं नाड्यांनी बांधलेलं. एक पिन पडली तर एक पिशवी वाया. हाताला तो वास असा मुरला होता की नाचाला गेलं की पोरं हात धरायची आणि लगेच सोडायची.

त्या उन्हाळ्यात कारखान्याने चांगल्या कामाबद्दल आम्हा चौघींना प्रवासी जहाजात बसवलं. वेताच्या खुर्च्या, खाली गालिचा, मोठ्या काचा, टोपीवाल्या बायका आणि त्यांचे नवरे. काडेपेट्या चढतानाच काढून घेतल्या. आणि आम्ही चौघी रविवारच्या कपड्यांत, हात मांडीखाली दाबून, वास येऊ नये म्हणून. मग जमीन खाली गेली. आम्ही वर आलो असं वाटलंच नाही, जमीनच हळूच खाली गेली. मी तळं बघितलं, आमचं घर बघितलं, आणि दोरीवर वाळत घातलेले माझ्या आईचे तीन परकर. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपण त्या घाणेरड्या पाण्यात हात घालून काय करत होतो ते मला तेव्हा कळलं. उतरल्या उतरल्या मी शेडमध्ये ओरडले, "प्लोनी, आपण उडालो गं!" सगळ्यांनी हातातलं काम टाकलं.

तुला तो नियम ठाऊकच आहे. "उडणे" हा शब्द जो बोलेल त्याने शेड झाडायची, या दारापासून त्या दारापर्यंत, सगळ्यांच्या देखत. किलियानने, तोच आपला फाटकावरचा किलियान, तेव्हा त्याला केस होते, माझ्या हातात झाडू दिला. मी रडकुंडीला आले. अर्धी शेड झाडून झाल्यावर मागे वळून बघते तर एक लांब हातांचा माणूस दुसरा झाडू घेऊन पलीकडची बाजू झाडतोय. तो तुझा बाप. गेबहार्ड म्हणाला, "विमान उडतं. माशी उडते. ज्याला वजन असतं त्याला वर राहायला धडपडावं लागतं, त्याला उडणं म्हणतात. आपलं जहाज हवेपेक्षा हलकं. त्याला धडपड नाही. ते जातं, बाजाराला जावं तसं." मी म्हटलं, "एवढं शहाणपण आहे तर झाडू नीट धरा." पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. माझे हात त्यांनी कधी सोडले नाहीत, कारण त्यांच्या हातांना तोच वास होता.

तू चार महिन्यांचा होतास तेव्हा लढाई लागली. प्रवासी जहाज सैन्याने घेतलं. वेताच्या खुर्च्या शेडच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवल्या, गालिचा गुंडाळला, आणि जिथे त्या टोपीवाल्या बायका बसून थंड कोंबडी खात होत्या तिथे लोखंडी आकडे बसवले. गेबहार्ड जहाजाबरोबर गेले, कारण पिशव्या त्यांच्याइतक्या कोणालाच माहीत नव्हत्या. माझ्या खात्यात चाळीस बायकांच्या शंभर झाल्या. तुला मी मिठाच्या रिकाम्या पिंपात उशी घालून ठेवायची, तिथेच तू मोठा झालास. देशभर सॉसेज करायला बंदी आली, कारण आतडी आम्हाला हवी होती. लोक रस्त्यात गमतीने म्हणायचे, "काय वालबुर्गा, आज आमचं जेवण किती शिवलंस?" मीही हसायची. मला त्या कामाचा अभिमान होता. जहाज कुठे जातं आणि तिथे जाऊन काय करतं, हे मला ठाऊक होतं, माइनराड. ठाऊक नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही. पण आमच्या खात्यात कोणी "बॉम्ब टाकायला गेलं" म्हणायचं नाही. "जहाज गेलं" आणि "जहाज आलं", एवढंच. घरी येणाऱ्या चिठ्ठ्यांतही तेच: "गेलो होतो. आलो. बरा आहे." इतका साधा शब्द, त्याच्या मागे काहीही लपवता यायचं.

लढाई संपली, जहाजांवर बंदी आली, कारखाना ॲल्युमिनियमची भांडी करायला लागला. मग दहा वर्षांनी पुन्हा मोठं प्रवासी जहाज झालं. ते जगाला फेरी मारून आलं त्या दिवशी तू पंधरा वर्षांचा होतास आणि शेडच्या छपरावर चढला होतास. बाबा पुन्हा डागडुजीला लागले होते, पण त्या जहाजात ते एकदाही बसले नाहीत. वरिष्ठांनी दोनदा बोलावलं, एकदा चक्क ब्राझीलच्या सफरीला. "कंबर दुखते," म्हणाले. त्यांची कंबर कधीच दुखत नव्हती. आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पडदे ओढायचे, आठवतं? पडद्याला फट राहिली की ते ताटावरून उठायचे. तुला वाटायचं बाप तऱ्हेवाईक आहे, आणि एकदा तसं तोंडावर बोललासही. त्यांनी ती फट पुन्हा नीट बंद केली. एकतीस साली गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले फुप्फुस. असेलही.

मागच्या नोव्हेंबरात तू टोपी फिरवत आलास आणि म्हणालास, "आई, फ्रांकफुर्टला प्रवासी जहाजावर नोकरी लागली, दक्षिण अमेरिकेची फेरी." मी काय केलं माहितीये? बेकरीत सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, दंतवैद्याला तोंड उघडं असताना सांगितलं. माझ्या मुलाला बसायला पुन्हा वेताच्या खुर्च्या, पुन्हा काचा, खाली कोणाचे तरी परकर वाळत घातलेले. पत्रांवर बर्लिनचा शिक्का का, हे मी विचारलं नाही. तू म्हणालास टपाल तिथे गोळा होतं, मी म्हटलं होत असेल. फेब्रुवारीत तू लिहिलंस की डोंगरावरून गार वारा सुटलाय आणि बोटं आखडतात. फेब्रुवारीत ब्राझीलला भर उन्हाळा असतो, हे आपल्या गावात कुत्र्यालाही ठाऊक आहे. मला ठाऊक होतं. मी ती ओळ सोडून पुढे वाचलं.

मग ते झालं. स्वर्गारोहणाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाचं भांडं घेऊन दारात उभी होते. शेजारीण पळत आली आणि म्हणाली, "वाली, जहाज जळालं. अमेरिकेत. उतरता उतरता." मी भांडं कुठे ठेवलं ते मला अजून आठवत नाही, सापडलंही नाही. ॲप्रनवर तशीच फाटकापर्यंत पळाले. तू दुसऱ्या जहाजावर, दक्षिणेच्या, हे डोक्याला माहीत होतं, पण पायांना कुठे माहीत असतं! फाटकाशी साठेक बायका होत्या, आणि एवढी माणसं असून नुसता पायांचा आवाज. किलियान हातात दोन्ही जहाजांच्या खलाशांच्या याद्या घेऊन उभा होता, कारण माणसं या जहाजावरून त्या जहाजावर बदलत असतात आणि कोण नक्की कुठे होतं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याने पहिली यादी वाचली. तुझं नाव नाही. दुसरी वाचली, ते जहाज ब्राझीलहून परतीच्या वाटेवर होतं. तुझं नाव नाही. मी म्हटलं, "किलियान, पुन्हा वाच. लोखम्युलर, माइनराड." त्याने चष्मा काढला आणि हळूच म्हणाला, "वाली, तुझा पोरगा आमच्या यादीत कधी नव्हताच गं. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

पहिल्यांदा मला काय वाटलं ते तुला सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं खोटं होईल. मला आनंद झाला. माझ्या डाव्या हाताला उभी असलेली बाई खाली बसली होती, तिचा भाऊ त्या जळालेल्या जहाजावर स्वयंपाकी होता, आणि मला मात्र वाटलं नाचावं. घरी येईपर्यंत तो आनंद टिकला. दाराला किल्ली लावताना एकदम लक्षात आलं: मग हा एका दुपारी दोनदा उडतो कुठे? मी तिथेच पायरीवर बसले. किल्ली दारातच राहिली.

पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी वेंडेलिन आला. लांगेनआर्गेनच्या कोळ्याचा पोरगा, तुझा मित्र म्हणून ओळख सांगितली. हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी, तू दिलेली. मान कॉलरपर्यंत करपलेली. म्हणाला, फ्रांकफुर्टला जिन्यावरून पडलो. मी म्हटलं, "फ्रांकफुर्टला यंदा ऊन फार दिसतंय." तो कॉफीच्या कपात बघत बसला. मग मी, देवा मला क्षमा कर, त्याच्या ताटलीत केकचा दुसरा तुकडा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग काय रे, गेल्या महिन्यात बरेचदा उडालात म्हणे?" आणि तो म्हणाला, "मोजतो कोण, काकू! हवा चांगली असली की दिवसातून तीनदासुद्धा उडतो." जहाजावरचा माणूस असता तर तो शब्द ऐकूनच हसला असता. याला काही कळलंच नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की काहीतरी चुकलं. "काकू, शपथ घातलीये आम्हाला. बोललो तर भिंतीशी उभं करून गोळी घालतात." मी म्हटलं, "मी काही विचारत नाही. एवढंच सांग, माझा पोरगा जमिनीवर काम करतो की वर?" त्याने बोट वर केलं. संत्री सोलायला घेतली, एका हाताने जमेना, मी सोलून दिली. मग आपणहूनच बोलला. "माइनराड हल्ली बोलत नाही, काकू. त्या सोमवारपासून. जेवतो, झोपतो, हाक मारली की जातो. पत्ते खेळायला बसत नाही. काय झालं विचारलं तर म्हणतो, काही नाही."

त्या सोमवारपासून. मी कॅलेंडर काढलं. तुझ्या पत्रातला सोमवार म्हणजे २६ एप्रिल.

बुधवारी मी बोटीने पलीकडे रोमान्सहोर्नला प्लोनीकडे गेले. तिच्याकडे स्विस वर्तमानपत्रं येतात. मी काय शोधतेय ते मी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही, महिन्याभराचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाली, "वाच आणि इथेच सोडून जा, वाली. धक्क्यावर पिशव्या बघतात." मी वाचलं. यादवी पेटलेल्या स्पेनमधलं, उत्तरेकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. सोमवार हा त्यांचा बाजाराचा दिवस. आसपासच्या वाड्यांवरून माणसं कोंबड्या, मेंढरं घेऊन आलेली. साडेचार वाजता चर्चची घंटा झाली आणि विमानं आली, मग गेली, मग पुन्हा आली. तीन तास. स्विस पेपर म्हणतो विमानं जर्मन होती, आपल्याकडच्या वर्तमानपत्रात आलंय की त्या लोकांनी स्वतःच गावाला आग लावली. प्लोनी म्हणाली, "दोघांपैकी एक पेपर खोटं लिहितोय." मी म्हटलं, "हो." आणि गठ्ठा होता तसा रचून ठेवला.

तू तिथे होतास का, हे मला माहीत नाही. कदाचित तू भलतीकडे असशील, एखाद्या मोकळ्या डोंगरावर, नाहीतर नुसता बिनतारी यंत्र कानाला लावून बसणारा असशील. हे मी स्वतःला रोज सांगते आणि रोज माझ्या डोळ्यांपुढे ती ओळ येते: सोमवारी हवा छान होती. तुला मी कोणत्या तोंडाने बोल लावू? ज्या हातांनी तुला भरवलं त्याच हातांनी मी चार वर्षं त्या पिशव्या जोडल्या. पळून ये असंही म्हणत नाही. त्याला काय शिक्षा असते ते वेंडेलिनने न सांगताही समजतं, आणि मला तू जिवंत हवा आहेस. स्वार्थ म्हण हवं तर. मी चिडलेही आहे तुझ्यावर. इतकी चिडले आहे की तुझा फोटो तीन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मग पुन्हा सरळ केला. त्या सबंध पत्रात "उडालो" हा एकच शब्द तू खरा लिहिलास. तुझ्या हातून तो चुकून निसटला, की मला कळावं म्हणून तू तो मुद्दाम सोडलास, याचा मी फार विचार केला. आईला कळेल एवढं तुला नक्की माहीत होतं. म्हणून मी धरून चालले आहे की तू मला हाक मारली आहेस.

आता जे लिहायला बसले ते लिहिते, कारण शुक्रवार जवळ आलाय. १९१५ च्या फेब्रुवारीत बाबा चार दिवसांच्या रजेवर आले होते. दुपारचे बारा वाजले होते, मी नुकतंच सूप वाढलं होतं, तू टेबलाखाली खेळत होतास. बूट न काढता ते बसले आणि म्हणाले, "वाली, त्या गावात एका खिडकीला पडदा नव्हता. आत टेबलाशी माणसं बसलेली दिसत होती. इतके खाली होतो आम्ही. आणि मी..." एवढंच बोलले. त्यांचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडलेले मला अजून दिसतात. मी म्हटलं, "सूप निवतंय. आधी जेवून घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चमचा उचलला आणि सगळं सूप संपवलं. त्यानंतर सोळा वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. मला ऐकायचं नव्हतं, माइनराड. ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिशव्यांना हात लावता आला नसता. वेंडेलिन म्हणतो तुम्हाला ऑगस्टमध्ये रजा मिळेल. तू येशील, बूट न काढता बसशील, आणि तुझ्याकडे ब्राझील तयार असेल. आणि मी स्वतःला ओळखते, तू ब्राझील म्हणालास की मी तेच खरं मानून घेईन. झाडं कसली, खायला काय होतं, असं विचारत बसेन. तू खरं बोलायला लागलास तर त्याहून वाईट, मी उठेन. मीठ आणायला उठेन, शेगडी बघायला उठेन, दार वाजलं म्हणेन, आधी जेवून घे म्हणेन. म्हणून आज, तू समोर नाहीस तोवर, मनात धैर्य आहे तोवर, हे लिहून तुझ्या हातात देते. मी काहीही म्हटलं तरी थांबू नकोस. माझा हात धर, मला खाली बसव, आणि सांग.

तुझीच, जशी आहे तशी,
आई